मैनीअक्का हॉलमध्ये काय म्हणाली

वीसेक वर्षं झाली असतील. यंदापर्यंत ही गोष्ट मी एकाही माणसाजवळ बोलले नव्हते. नवऱ्याजवळ नाही — आणि त्याच्या आजारपणाचे शेवटचे दोन महिने आमच्याकडे बोलायला वेळच वेळ होता. लेकीजवळ नाही. वामनभाऊंजवळ तर नाहीच, त्यांनी मला धाकटी बहीण मानलं होतं. आज तुमच्याजवळ बोलते आहे. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? असेलही. बघा, सुरुवात केली नाही तोच मी कारणं शोधायला लागले.

आधी मी कोण ते सांगते. माझं माहेर नागभीडजवळचं, धान पिकवणारं गाव. नवरा प्राथमिक शाळेत शिक्षक. त्याची बदली भामरागडच्या वाटेवरच्या एका जंगलातल्या गावात झाली, आणि त्याच्यामागे एका पेटीत संसार घालून मीही गेले. गावात लिहिता-वाचता येणारी दुसरी बाई नव्हती, म्हणून अंगणवाडी माझ्याकडे आली. पोरं माझ्यासमोर बसत आणि मी काय बोलते ते त्यांना कळत नसे. ती काय बोलत ते मला कळत नसे. दोन महिने आम्ही एकमेकांकडे नुसते बघत होतो.

मला गोंडी शिकवली ती मैनीनं. मैनी पुंगाटी — माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायला लागले. ती धान कांडायला बसली की मी शेजारी बसायची. ती एकेक वस्तू दाखवायची, नाव सांगायची, मी म्हणायची, आणि ती तोंडावर हात ठेवून हसायची. आवाज असा हळू की ऐकायला वाकावं लागे. पहिल्याच पावसाळ्यात माझी लेक तापानं फणफणली. नवरा मीटिंगला बाहेरगावी अडकलेला, नाल्याला पूर. मैनीअक्कानं लेकीला पाठीशी बांधलं, छातीएवढ्या पाण्यातून पलीकडे नेलं, आणि दवाखान्याच्या पायरीवर ओल्या लुगड्यानं दिवसभर बसून राहिली. त्यानंतर मी त्या घरची झाले. तिची धाकटी बहीण रुपी तेव्हा परकरातली पोर होती. तिची वेणी मी घालायची.

हे का सांगते आहे? मी कुणाशी काय केलं ते तुम्हाला नीट कळावं म्हणून.

आमच्या कामगार परिषदेचं नाव इकडच्या दोन्ही जिल्ह्यांत अजून निघतं. ती उभी केली वामनभाऊंनी. कोळशाच्या खाणीत आयुष्य काढलेला माणूस, बोटांच्या रेघांत काळी धूळ कायमची बसलेली. त्यांचं म्हणणं साधं होतं. खाणीतले ठेक्यावरचे मजूर वेगळे भांडतात, बांबू तोडणारे वेगळे, राईस मिलचे हमाल वेगळे, अंगणवाडीच्या बाया वेगळ्या, म्हणून सगळेच हरतात. सगळ्यांनी एका सतरंजीवर बसायचं. दर रविवारी ते एसटीनं कुठल्यातरी गावाला जायचे, डब्यात भाकर आणि खिशात पेन. आमच्या गावी आले तेव्हा तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना त्यांनी हात जोडून जोहार केला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मले त्याहिची बोली येत नाई. तुम्ही माह्यं तोंड व्हा."

तोंड व्हा म्हणाले. मी झाले.

तीन वर्षं मी त्यांच्यासोबत गावोगाव फिरले. गोंडीतलं मराठीत आणि मराठीतलं गोंडीत करून सांगायचं. मला ते आवडायचं, अगदी मनापासून आवडायचं. दोन्ही बाजूंचे लोक माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी बोलेपर्यंत कुणाला काही कळायचं नाही. माणसाच्या मनात त्यानं काय होतं, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

आता तेंदूपत्त्याचं थोडं सांगायला हवं. उन्हाळ्यात विडीसाठी पानं तोडायची, घरी आणून त्यांचे पुडे बांधायचे आणि ते फडावर न्यायचे. फड म्हणजे ठेकेदाराचा माणूस, मुन्शी, पुडे मोजून घेतो ती उघडी जागा. आमच्याकडचे फड दुपार कलली की बंद व्हायचे. त्या वेळेच्या आत पुडे पोचवायचे तर बायांना अंधारातच जंगलात शिरावं लागायचं. त्याच वेळी अस्वलं फिरतात — तेंदूच्या फळांसाठी, मोहाच्या झाडांखाली. दरवर्षी कुठल्यातरी गावात कुणीतरी त्यांच्या तावडीत सापडायचं. म्हणून बायांची एक मागणी होती. दर वाढवा, फडावर पाणी ठेवा, सावली करा — हे सगळं होतंच. पण फड दिवस मावळेपर्यंत उघडा ठेवा, म्हणजे आम्ही उजाडल्यावर निघू, ही मागणी त्यांची स्वतःची होती. ती वामनभाऊंनी सुचवली नव्हती, मीही नाही. मैनीअक्कानंच दहा गावांत फिरून ती सगळ्यांच्या गळी उतरवली होती.

सीझनच्या आधी अहेरीला बैठक ठरली. एका सरकारी हॉलमध्ये लांब टेबल. एका बाजूला ठेकेदार आणि त्यांचे लोक, मधे अधिकारी, दुसऱ्या बाजूला परिषद. बाया खाली सतरंजीवर. कित्येक जणी आदल्या दिवशीच घरून निघाल्या होत्या. रुपीही होती, नुकतंच लग्न झालेली, हातात नवी काकणं.

सकाळभर बोलणं चाललं. दर मान्य झाला. पाणी, सावली मान्य झाली. वेळेवर मात्र ठेकेदार अडले. पुडे उन्हात पसरायचे असतात, मुन्शी संध्याकाळपर्यंत थांबणार नाही, ते होणार नाही. हेच घ्या, नाहीतर आम्ही बाहेरून माणसं आणतो. जेवणाच्या सुट्टीत परिषदेतलीच माणसं कुजबुजायला लागली. खाणीच्या बाजूचे एक जण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "हे जंगलातले लोक आपल्यात बसत नाईत. एका गोष्टीपाई सगळं मोडून राह्यले." वामनभाऊ नुसते पाणी पीत होते. डबा त्यांनी उघडलाच नव्हता. थोड्या वेळानं मला म्हणाले, "बाई, आज हे जमलं तर परिषद टिकते. नाई जमलं तर मंग सगळे आपापल्या घरी." आणि मग — "तुमचं नाव मी सहचिटणीस म्हणून टाकलं आहे. बाया पाहिजेत वरच्या फळीत."

हे त्यांनी लालूच म्हणून सांगितलं नव्हतं. तसला माणूसच नव्हता तो. पण मी ऐकलं. ते कानात घेऊनच मी परत हॉलमध्ये गेले.

अधिकाऱ्यांनी विचारलं, बायांचं काय म्हणणं आहे? मैनीअक्का उठली. पदर सारखा केला. आयुष्यात पहिल्यांदा ती एवढ्या चपला-बुटांच्या माणसांसमोर उभी राहिली होती. ती माझ्याकडे बघून बोलली, गोंडीत, तिच्या नेहमीच्या हळू आवाजात. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. मी प्रत्येक शब्द ऐकला. ती म्हणाली — दर दिला, चांगलं केलं. पाणी दिलं, चांगलं केलं. पण फड दिवस मावळेपर्यंत उघडा राहिला पाहिजे. ते नसेल तर बाकीचंही आम्हाला नको. ते नसेल तर इल्ले.

इल्ले म्हणजे नाही. गोंडी न येणाऱ्यालाही कळेल अशा तऱ्हेनं तिनं मान हलवली होती. पण मान कोण बघतं? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हणाले, "बायांना मंजूर आहे. फडाच्या वेळेबद्दल त्यांची विनंती आहे, साहेबांनी पुढं बघावं."

एवढंच. अटीची मी विनंती केली. म्हटलं तर दोन शब्दांचा फरक. माझा आवाज अडखळलाही नाही. तुम्हाला वाटेल त्या क्षणी माझं मन आतून ओरडलं असेल. नाही हो. मला फक्त हलकं वाटलं. सुटले असं वाटलं.

टाळ्या वाजल्या. आधी टेबलावरच्यांनी वाजवल्या, मग परिषदेच्या लोकांनी. वामनभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून सतरंजीवरच्या बायांना वाटलं, आपलं सगळं मान्य झालं. त्यांनीही वाजवल्या. मैनीअक्कानं माझ्याकडे बघितलं — झालं का, असं. मी मान हलवली. मग कागद आला, शाईचा पॅड आला, एकेक अंगठा उमटला. मैनीअक्काचा अंगठा धरून मीच कागदावर टेकवला.

का केलं? हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता प्रश्नही गुळगुळीत झालाय. परिषद मोडू नये म्हणून? हो. वामनभाऊंच्या त्या न उघडलेल्या डब्यासाठी? हो. सहचिटणीस होण्यासाठी? हो, तेही. पण या सगळ्यांच्या खाली आणखी एक गोष्ट आहे आणि ती सांगायला मला सगळ्यात जड जातंय. मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली. माझ्या बायांची. त्या लांब टेबलावरच्या लोकांपुढे माझ्या बाया हट्टी, अडाणी दिसतील, आणि त्यांचं तोंड म्हणून मीही तशीच दिसेन — याची लाज. जिनं माझं पोर पाठीवर बांधून पूर ओलांडला, तिची मला लाज वाटली. आता हे बोलून झालंय. मागे घेणार नाही.

मी मनाशी ठरवलं होतं की सीझन सुरू व्हायच्या आत वामनभाऊंना घेऊन पुन्हा साहेबांना भेटायचं आणि वेळेचं करून घ्यायचं. एकदा गेलेही. साहेब रजेवर होते. दुसऱ्यांदा गेले नाही.

सीझन लागला. फड दुपार कलताच बंद व्हायला लागले. बाया मुन्शीशी भांडल्या, तर त्यानं कागद दाखवला. यावर तुमचेच अंगठे आहेत, म्हणाला. बायांना वाटलं ठेकेदारानं फसवलं. मला त्यांनी विचारलंही नाही. मी फसवलं असेल हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात रुपीला अस्वलानं धरलं. पहाटेची वेळ, नाल्याच्या काठी. सोबतच्या बायांनी आरडाओरड करून, कुऱ्हाडी आपटून ते पळवून लावलं. रुपी वाचली. पण डावा डोळा गेला, त्या बाजूचा गाल गेला, ओठाचा कोपरा गेला. तिला बाजेवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीपनं अहेरी, अहेरीहून चंद्रपूर.

मी लगेच निघाले. सव्वा महिना मी त्या दवाखान्यात राहिले. लेकीला शेजारणीकडे ठेवलं, अंगणवाडी मदतनीस बाईवर सोपवली. रुपीला चमच्यानं पेज भरवायची, ती ओठाच्या कोपऱ्यातून ओघळायची, पुसायची, पुन्हा भरवायची. तिचे केस धुतले, वेणी घातली, लहानपणी घालायची तशी. डॉक्टर, नर्स, परिषदेची माणसं, सगळे म्हणायचे, सख्खी बहीण एवढं करणार नाही. वामनभाऊ भेटायला आले, रुपीच्या पायाशी उभे राहिले आणि बाहेर जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. मी ते कौतुक ऐकायची आणि रुपीच्या पट्टीकडे बघायची. सेवा मी मनापासून केली, हे खरं आहे. पण ती करताना मला ठाऊक होतं मी काय झाकते आहे, हेही तेवढंच खरं आहे.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, झाला कबुलीजबाब. नाही. यापेक्षा वाईट आहे ते अजून सांगितलेलंच नाही.

एका दुपारी मैनीअक्का आणि मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. रुपी झोपली होती. अक्का कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत होती. मग गोंडीत म्हणाली — बाई, त्या दिवशी हॉलमध्ये मी काय बोलले होते? मी इल्ले म्हणाले होते ना? की मला नीट सांगता आलं नाही?

ती माझ्यावर संशय घेत नव्हती. ती स्वतःवर घेत होती. मला फक्त खरं सांगायचं होतं. बाकावर आम्ही दोघीच होतो. ना टेबल होतं, ना साहेब, ना ठेकेदार. परिषद मोडणार नव्हती, माझं पद जाणार नव्हतं. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. फक्त तिचा चेहरा समोर होता.

मी म्हणाले, "अक्का, तू फार हळू बोललीस. मला वाटलं तू विनंती करते आहेस."

तिनं अंगठा मुठीत मिटला. मग मान हलवली. "हो," म्हणाली, "माझा आवाजच लहान आहे." आणि तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला — मला वाईट वाटू नये म्हणून.

कळलं का तुम्हाला? बहिणीचं तोंड गेलं ते आपल्या लहान आवाजामुळे, असं मी तिला मानायला लावलं. आणि तिनं ते मानलं. वर माझीच समजूत घातली.

पुढच्या बैठकीपासून मैनीअक्का ओरडून बोलायला लागली. छोट्या खोलीत चार माणसं असली तरी उभी राहायची, मानेच्या शिरा ताणायची आणि पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. घसा बसायचा. दुसऱ्या दिवशी गरम पाणी पीत बसायची. नव्या लोकांना आधी हसू यायचं, मग हळूहळू तिचा दरारा बसला. तिला मराठीही येऊ लागलं. मोर्चात तिला पुढे ठेवायचे. लोक म्हणायचे, काय आवाज आहे बाईचा. त्या प्रत्येक वेळी मी तिथेच कुठेतरी असायची, हातात इतिवृत्ताची वही घेऊन. सहचिटणीस झाले होते ना.

पुढच्या वर्षी फडांची वेळ वाढली. रुपीच्या चेहऱ्याचे फोटो घेऊन वामनभाऊ दारोदार फिरले, तेव्हा वाढली. मी पहिल्याच वेळी खरं सांगितलं असतं तर ती तेव्हाच वाढली असती का? ठेकेदार नमले असते? की बैठक मोडली असती, परिषद फुटली असती आणि बायांना काहीच मिळालं नसतं? मला माहीत नाही. आता ते कुणालाच कळणार नाही. ते ठरवण्याचा हक्क त्या सतरंजीवरच्या बायांचा होता, आणि तो मी काढून घेतला, एवढं मला माहीत आहे.

वर्षं गेली. रुपीला दोन पोरं झाली. तिचा नवरा साधा, कमी बोलणारा माणूस. दवाखान्यातून आणल्या दिवसापासून तो तिच्या उजव्या बाजूला चालतो, तिला दिसावा म्हणून. वामनभाऊ गेले. जाताना परिषदेची काळजी करू नका म्हणाले, बाई आहेत, असं म्हणाले. मी निवृत्त झाले, अहेरीला घर केलं.

यंदा परिषदेचे आताचे अध्यक्ष देवराव घरी आले. बांबू तोडणाऱ्याचा मुलगा, अजून चाळिशीही नाही. परिषदेचा इतिहास पुस्तकरूपानं काढायचा आहे, म्हणाले. "ताई, तुमच्याबिगर कोण लिहील? सुरुवातीपासनं तुमीच तर हाव."

मी लिहायला बसले. जुन्या वह्या काढल्या. खाणीचा संप लिहिला, राईस मिलच्या हमालांचं लिहिलं, वामनभाऊंच्या डब्यातली भाकर लिहिली. हात चांगला चालला होता. मग अहेरीची बैठक आली. वहीत माझ्याच अक्षरात होतं — वनकामगार स्त्रियांनी करारास एकमताने मान्यता दिली. ते मी कोऱ्या कागदावर उतरवून घेतलं. दुपारी जेवले. परत येऊन बसले आणि पुढचं वाक्य लिहिता येईना. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठ दिवस मी रोज त्या कागदासमोर बसून उठत होते. साठीच्या पुढची बाई मी, आणखी किती दिवस राहिलेत? मी गेले की हे वाक्य छापलेलं राहणार. रुपीची पोरं शाळेत जातात, त्यांना वाचता येतं. ती एक दिवस वाचतील की आपल्या आईनं आणि मावशीनं हे मान्य केलं होतं.

नवव्या दिवशी मी ते खोडलं आणि झालं ते लिहिलं. मैनीअक्का काय म्हणाली ते, आणि मी काय सांगितलं ते. माझं नाव घालून. देवरावांना बोलावून वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. मला वाटलं, म्हणतील, ताई हे राहू द्या, परिषदेचं नाव जाईल. त्यांनी कागद जुळवून टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "छापू. पण त्याहिले पुस्तकातून समजाले नाई पाह्यजे. पयले तुमी जाऊन सांगा."

म्हणजे मी एवढं धाडस केलं ते कागदापुरतंच होतं. हे त्या पोरासारख्या माणसानं मला दाखवलं.

मागच्या महिन्यात गेले. धान मळायचे दिवस. मैनीअक्का खळ्यात होती, सुपानं धान उफणत. मला बघून हसली, सूप खाली ठेवलं, बसायला पोतं अंथरलं. म्हणाली, वाळलीस गं. मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, लेकीची चौकशी झाली असती आणि मी परत आले असते. उभ्या उभ्याच मी गोंडीत सांगितलं. हॉलमध्ये ती काय बोलली ते तिच्याच शब्दांत, एकही न बदलता. मग मी काय सांगितलं ते. मग दवाखान्यातल्या बाकावरचं.

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं. "मी हळू बोलले नव्हते?"

"नाही अक्का. तू नीट बोलली होतीस. मला सगळं ऐकू आलं होतं."

ती खाली बसली. सुपातला कचरा बोटांनी वेचत राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता. मी वाट बघत होते — ती रागावेल, शिवी देईल, रडेल. तिनं यातलं काही केलं नाही. मान वर न करता म्हणाली, "रुपीलाही सांग. तोंड तिचं गेलंय."

रुपी घरामागे गुरांना पाणी पाजत होती. हात पुसत आली. मला बघून तिचा चांगला अर्धा चेहरा हसला. ती माझ्या डाव्या बाजूला सरकून बसली, उजव्या डोळ्यानं मी नीट दिसावी म्हणून. या वेळी मी जमिनीवर बसले. सगळं परत पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

रुपी ऐकत होती. एकदा तिचा हात गालाकडे गेला आणि खाली आला. माझं संपल्यावर ती जरा विचार करत राहिली, काहीतरी आठवत असल्यासारखी. मग म्हणाली —

"मीही होते ना तिथं? सतरंजीवर?"

"होतीस."

"म्हणजे मीही टाळ्या वाजवल्या असतील."

हो म्हणाले. वाजवल्या होत्या. दाराजवळ बसली होती, सगळ्यात जोरात तीच वाजवत होती, आणि मी ते बघितलं होतं.

ती उठली. गुरं पाण्यावाचून थांबली होती, तिकडे गेली. मैनीअक्का सूप घेऊन पुन्हा उफणायला लागली. राहा असं कुणी म्हणालं नाही, जा असंही नाही. मी थोडा वेळ तिथंच उभी राहिले, मग पिशवी उचलली आणि रस्त्याकडे निघाले.